फाट्यापर्यंतचा रस्ता

२०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात सायकलींची एक आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. 'पुणे ग्रँड टूर' हे तिचे नाव. परदेशी संघ आले, पाच दिवसांत चारशेहून अधिक किलोमीटरचा पल्ला ठरला आणि शर्यतीच्या निमित्ताने त्या भागातल्या रस्त्यांना नवे डांबर मिळाले. सायकलीसाठी सरकारने रस्ते गुळगुळीत करावेत, ही आपल्याकडे नवलाचीच गोष्ट. परभणीतले माझे एक निवृत्त शिक्षक मित्र ती बातमी वाचून म्हणाले, "पुढची शर्यत जिंतूरच्या डोंगरात ठेवा म्हणावं. तेवढंच चार गावांचं कल्याण होईल." ते थट्टेने बोलले, पण थट्टेत बरेच काही होते.

गंमत अशी, की सायकलीचे शौकीन जग गेल्या वीसेक वर्षांत डांबर सोडून कच्च्या रस्त्याकडे वळले आहे. या छंदाला 'ग्रॅव्हल बाइकिंग' म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी, मुरूम, बारीक गोटे. गावांना जोडणाऱ्या, शेतांमधून आणि टेकड्यांवरून जाणाऱ्या बिनडांबरी वाटांवर दिवसभर सायकल हाकायची, असा हा प्रकार. त्यासाठी खास सायकली निघाल्या आहेत. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, ब्रेक डिस्कचे आणि टायर ३५ ते ५० मिलिमीटर रुंद. पुण्यामुंबईच्या दुकानांत अशी चांगली सायकल घ्यायची तर किंमत लाखाच्या घरात सहज जाते.

आता एक साधा हिशेब मांडू. आपल्याकडे दूधवाले, पोस्टमन आणि गावोगावचे मास्तर ज्या काळ्या, दणकट, दांडीच्या सायकलीवर आयुष्यभर फिरले, तिचा टायर 'अठ्ठावीस बाय दीड' मापाचा असे. दीड इंच म्हणजे जवळपास चाळीस मिलिमीटर. म्हणजे आज लाख रुपयाला मिळणाऱ्या सायकलीचा टायर आणि दूधवाल्याच्या सायकलीचा टायर रुंदीने सारखाच. वाट जशी, तशी सायकल. हे आपल्याकडच्या लोकांना कोणी शिकवावे लागले नव्हते. ती सायकल मात्र रस्त्यावरून गेली. १९५१ साली सुरू झालेल्या अ‍ॅटलस कंपनीने साहिबाबादचा आपला शेवटचा कारखाना २०२० साली बंद केला. तारीख होती ३ जून, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिन.

या छंदाची सुरुवात कुठे झाली, यावर शौकिनांत वाद आहेत. त्यात आपण पडायचे कारण नाही. पण तीन ठिकाणे पाहण्यासारखी आहेत, कारण तिथे प्रश्न सायकलीपुरता उरलेला नाही.

पहिले ठिकाण अमेरिकेतले कॅन्सस. गहू आणि गुरे यांचा मुलूख. तिथल्या एम्पोरिया नावाच्या गावात २००६ साली ३४ जण एकत्र आले आणि शेतांमधल्या खडीच्या रस्त्यांवरून दोनशे मैलांची शर्यत लावली. आज त्याच शर्यतीला हजारो लोक येतात. आपल्याला वाटते अमेरिका म्हणजे सगळी गुळगुळीत. प्रत्यक्षात त्या देशातले सुमारे एक तृतीयांश रस्ते आजही बिनडांबराचे आहेत. इतकेच काय, २०१६ सालच्या एका अहवालात असे आढळले, की निदान २७ राज्यांत काही डांबरी रस्ते उखडून पुन्हा खडीचे केले गेले. डांबर टाकायला पैसा मिळाला होता, राखायला पुरत नव्हता. खड्डे पडलेल्या डांबरापेक्षा नीट राखलेली खडी बरी, असा त्यांनी विचार केला.

दुसरे ठिकाण इटलीतले टस्कनी. तिथल्या द्राक्षमळ्यांमधून पांढऱ्या खडीचे जुने रस्ते जातात. एकेक करून ते डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा १९९७ साली काही लोकांनी जुन्या सायकलींची एक फेरी सुरू केली. हेतू उघड होता : लोक या रस्त्यांवर प्रेम करू लागले, तर रस्ते वाचतील. पुढे २००७ पासून त्याच भागात व्यावसायिक सायकलपटूंची मोठी शर्यत भरू लागली आणि तिचे नावच 'स्त्रादे बियांके', म्हणजे पांढरे रस्ते, असे ठेवले गेले.

तिसरे ठिकाण बास्क प्रदेश, आणि आपल्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. स्पेनच्या उत्तरेला, बिस्केच्या उपसागराला लागून हा डोंगराळ, पावसाळी मुलूख आहे; त्याचा थोडा तुकडा फ्रान्समध्ये येतो. त्यांची भाषा युरोपातल्या कोणत्याच भाषेशी नाते सांगत नाही. सायकलीचे वेड मात्र जबर. २०२३ ची 'टूर द फ्रान्स' तिथल्या बिल्बाओ शहरातून सुटली. एइबार नावाच्या गावातले बंदुका बनवणारे कारागीर पुढे सायकली बनवू लागले; १८४० साली शस्त्रांसाठी निघालेली ओर्बेआ ही कंपनी आज सायकली बनवते आणि १९६९ पासून ती कामगारांची सहकारी संस्था आहे. या प्रदेशात डोंगरउतारावर एकेकटी शेतघरे असतात आणि त्यांना जोडणाऱ्या खडीच्या वाटा. बंद पडलेल्या रेल्वेचे मार्गही स्पेनने १९९३ पासून चालण्यासाठी आणि सायकलीसाठी खुले करायला सुरुवात केली. व्हितोरिया ते एस्तेया ही अरुंद रुळांची रेल्वे १९६७ साली बंद झाली होती; आज तिच्या मार्गावरून आईबाप लेकरांना घेऊन सायकलीवर जातात.

या वाटा राखतो कोण? काम अर्थातच नगरपालिका आणि प्रांतिक सरकार करते. पण बास्क खेड्यांत त्याहून जुनी एक रीत आहे. तिला 'औसोलान' म्हणतात. 'औसो' म्हणजे शेजार, वस्ती. 'लान' म्हणजे काम. ठरल्या दिवशी घरटी एक माणूस यायचा, सगळ्यांनी मिळून वाट दुरुस्त करायची, चर उपसायचे, झुडपे तोडायची आणि मग एकत्र जेवायचे. आपल्या वाचकांना यात काही ओळखीचे वाटले असेल. ज्याच्या घरी बैल नाहीत किंवा ज्याचे काम मागे पडले आहे, त्याच्या शेतात सगळ्या गावाने औते घेऊन जायचे आणि संध्याकाळी त्याच्याकडे जेवायचे, याला आपण इर्जिक म्हणतो. शब्द अजून कोशात आहे, रीत मात्र फार थोड्या गावांत उरली आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. परभणीबद्दल दोन म्हणी प्रसिद्ध आहेत. एक आम्ही अभिमानाने सांगतो : जगात जर्मनी, भारतात परभणी. दुसरी बाहेरचे लोक सांगतात : बनी तो बनी, नहीं तो परभणी. दोन्हींचा खरेखोटेपणा रस्त्यावर उतरल्यावर कळतो.

नकाशा पाहिला तर जिल्ह्याचा मधला भाग गोदावरी, दुधना आणि पूर्णा या नद्यांच्या काळ्या मातीचा. उत्तरेला जिंतूरच्या बाजूने अजिंठ्याच्या रांगेचे फाटे येतात, दक्षिणेला गंगाखेडच्या पलीकडे बालाघाटचे डोंगर. काळ्या मातीत कापूस, सोयाबीन, ज्वारी उत्तम पिकते. रस्ता मात्र टिकत नाही. या मातीतली चिकण पाणी मिळाले की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर नुसते डांबर पसरले, तर खालची जमीन हलते आणि वरचा थर तडकतो. पावसाळ्यात याच मातीच्या पाणंदीतून सायकल नेऊन पाहावी. दहा पावलांत चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखलाचा गोळा बसतो आणि माणसावर सायकल खांद्यावर घेण्याची पाळी येते.

डोंगराकडची गोष्ट वेगळी. तिथे काळा बेसॉल्ट खडक झिजून मुरूम झाला आहे. पाऊस थांबला की तासाभरात मुरमाची वाट निथळते. दबली की कठीण होते. पायाला, बैलाला, चाकाला धरते. ज्या वाटेसाठी परदेशातला शौकीन विमानाचे तिकीट काढतो, ती वाट जिंतूर आणि गंगाखेडच्या वाड्या-तांड्यांच्या दारातून जाते. तिथला माणूस मात्र तिला रस्ता म्हणायला तयार नाही. "रस्ता कुठंय सायेब? वाट हाय," असे तो म्हणतो. दोन शब्दांतला फरक त्याला पक्का ठाऊक आहे.

तो फरक मलाही बँकेच्या नोकरीत कळला. ऐंशीच्या दशकात मी एका ग्रामीण शाखेत शेतीकर्जाचे काम पाहत असे. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. दुभत्या जनावरांसाठी कर्जे वाटली जात. पाहणीला जायचे तर एस.टी.ने फाट्यापर्यंत आणि तिथून चहावाल्याची सायकल घेऊन पुढे. वर्ष-दोन वर्षांत माझ्या असे लक्षात आले, की सारखीच म्हैस, सारखाच चारा, सारखेच कष्ट असूनही रस्त्याकाठच्या गावात हप्ते येतात आणि चार किलोमीटर आतल्या वस्तीवर ते आषाढात थांबतात. माणसे लबाड होती असे नव्हे. पावसाळ्याचे चार महिने दूध संकलन केंद्रापर्यंत पोचतच नसे. घरातच त्याचे दही व्हायचे, तूप व्हायचे, उरलेले वासराला. एका शेतकऱ्याने मला ऐकवले होते, "म्हैस हप्ता द्याया तयार हाय, सायेब. वाट देऊ दीना." कर्जाच्या अर्जात शाखेपासूनचे अंतर लिहायला रकाना असे. ते अंतर कोणत्या जमिनीवरून जाते, हे लिहायला जागा नव्हती. नंतर कथा-कादंबऱ्या लिहायला लागलो तेव्हा माणसांचे स्वभाव, नाती, भाऊबंदकी यांचा विचार पुष्कळ केला. पण एखाद्या घराचे भाग्य त्याच्या दारापासून फाट्यापर्यंतच्या चार किलोमीटरांवर किती अवलंबून असते, हे बँकेने शिकवले.

या रस्त्यांचा इतिहास दुष्काळाशी बांधलेला आहे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसे रस्त्याच्या कामावर गेली. बायका डोक्याला पदर बांधून खडी फोडत बसल्या. सुकडी आणि मिलो ज्वारी या शब्दांनी आजही साठी-सत्तरीच्या माणसांच्या डोळ्यांपुढे ते उन्हाळे उभे राहतात. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ साली कायद्याचे रूप मिळाले आणि १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हे वचन देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने दिले. ते लहान काम नव्हते. पण योजनेत रस्ते झाले ते बहुतेक मातीकाम आणि वर मुरूम, खडी एवढेच. पुढच्या पावसाळ्यात ते वाहून जात आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच काम निघे. त्यावर टीका पुष्कळ झाली. टीकाकारांनी म्हटले, कच्चा रस्ता म्हणजे पैशाची माती. यातला दोष मुरमाचा होता, की पावसाआधी चर काढायला आणि पावसानंतर दबाई करायला माणूस नव्हता त्याचा, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

२५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली. सपाट प्रदेशात पाचशेवर वस्ती असलेल्या गावांना बारमाही रस्ता द्यायचा, असे तिचे सूत्र. त्यातून झालेला बदल मी डोळ्यांनी पाहिला आहे आणि तो मोठा आहे. पण पाचशेच्या आतल्या वाड्या, तांडे, गावाबाहेरच्या आखाड्यावरची घरे मागे राहिली. आणि शेतांकडे जाणाऱ्या पाणंदी तर त्या हिशेबातच नव्हत्या. पाणंद म्हणजे दोन शेतांमधली सामाईक वाट. चाकोरी हा आपण रोज वापरतो तो शब्द याच वाटांवर जन्मला. गाडीच्या चाकांनी पाडलेली खाच म्हणजे चाकोरी. ट्रॅक्टर आले, वाटा रुंद हव्या झाल्या आणि त्याच वेळी जमिनीचे भाव चढल्याने बांध कोरून कोरून त्या अरुंद झाल्या. आज तालुक्याच्या कचेरीत शेतरस्त्याच्या तक्रारींचे गठ्ठे असतात. १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आणि १९६६ च्या महसूल संहितेचे १४३ वे कलम एरवी कोणाला ठाऊक नसते, पण भावकीत वाट अडली की खेड्यातला म्हातारा ही कलमे वकिलासारखी सांगतो. २०२१ साली शासनाने मातोश्री पाणंद रस्ते योजना जाहीर केली. २०२५ साली महसूल विभागाने आणखी एक पाऊल टाकले : शेतरस्ता किमान तीन मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात व्हावी. कागदावर ही चांगली गोष्ट आहे. ज्या वाटेची नोंद होते, ती सहजासहजी नांगरता येत नाही.

दुसरीकडे मोठ्या रस्त्यांची घाई चालू आहे. ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला. त्याला जोडण्यासाठी जालना ते नांदेड असा द्रुतगती मार्ग आपल्या जिल्ह्यातून आखला गेला आहे. असे मार्ग हवेत की नकोत, हा वेगळा आणि मोठा वाद आहे. इथे एवढेच लक्षात घ्यावे, की त्यांच्यावर सायकलीला, बैलगाडीला प्रवेश नसतो. आणि त्यांच्या भरावासाठी मुरूम लागतो, तो कुठल्या तरी टेकडीतूनच येतो. मुरूम हे सरकारच्या भाषेत गौण खनिज. टेकडी पोखरून तो मोठ्या रस्त्याखाली जातो आणि त्या टेकडीखालच्या वस्तीला मात्र आपल्या पाणंदीवर चार ट्रॉल्या टाकायच्या तर परवानगीसाठी खेटे घालावे लागतात.

आता सायकलीकडे पुन्हा येऊ, पण छंदाच्या सायकलीकडे नव्हे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांतल्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. त्याहून लांबच्या मुलींसाठी एस.टी.च्या बस. सायकलीने मुलींचे शिक्षण वाढते का, याचा पुरावा बिहारने दिला आहे. २००६ साली तिथे नववीतल्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, योग्य वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली. सर्वांत जास्त फायदा झाला तो शाळेपासून तीन किलोमीटरपलीकडच्या गावांत. एवढ्या कमी खर्चात एवढा बदल करणाऱ्या योजना फार नसतात.

पण सायकल मिळणे आणि सायकल चालणे यांत फरक आहे. आपल्या भागात फिरताना मला कित्येक अंगणांत ही सायकल दिसते. मृगापर्यंत ती शाळेत जाते. पेरण्या झाल्या, वाट चिघळली, की ती भिंतीला टेकते. बाभळीचा काटा घुसून पंक्चर झालेले चाक काढायला गावात दुकान नसते. मग मुलगी पायी फाट्यावर येते, चपला हातात घेऊन, आणि तिथून बस मिळाली तर शाळा. बस चुकली तर घर. चार-सहा वेळा असे झाले की घरात बोलणे सुरू होते : "कामून एवढी ओढाताण? राहू द्या आता घरी." पुढचे सांगायला नको. मराठवाड्यात मुलींची लग्ने लहान वयात का होतात, याची उत्तरे हुंड्यात, गरिबीत, ऊसतोडीच्या स्थलांतरात शोधली जातात आणि ती बरोबरच आहेत. त्या यादीत चार किलोमीटर चिखलही लिहावा.

म्हणून कच्च्या वाटेचे कौतुक करताना जपून बोलले पाहिजे. शहरातून आलेला सायकलस्वार ज्या वाटेवर "किती निसर्गरम्य" म्हणतो, त्याच वाटेवरून अडलेल्या बाईला बाजेवर घालून फाट्यापर्यंत आणलेले लोक त्या गावात जिवंत आहेत. १०८ ची रुग्णवाहिका आली तरी ती फाट्यावरच थांबते. त्या गावाने डांबर मागितले, तर ते त्यांच्या हक्काचेच मागणे आहे. गावाला मागास ठेवून वाट सुंदर राखावी, असे कोणी म्हणत असेल तर त्याने एक पावसाळा तिथे राहून दाखवावा.

तरीही परदेशातल्या त्या तीन ठिकाणांकडून आपल्याला घेण्यासारखे काही आहे. तिथे बिनडांबरी रस्ता म्हणजे अर्धवट सोडलेला रस्ता नसतो. मध्ये उंचवटा, दोन्ही अंगांना उतार, कडेला चर, ओढ्यावर मोरी, वर नीट दाबलेला थर आणि दर वर्षी डागडुजी, असा तो पूर्ण रस्ता असतो. यात नवीन काही नाही. आपण ज्याला खडीकरण म्हणतो, त्या पद्धतीमागे मॅकॅडम नावाच्या स्कॉटिश माणसाचे डोके आहे आणि दोनशे वर्षांपूर्वी तो हेच सांगत होता : रस्त्याचा खरा शत्रू पाणी, ते वर साचू देऊ नका, खाली मुरू देऊ नका. आपल्याकडे गावापर्यंत डांबर येते तेव्हा साइडपट्ट्या भरलेल्या नसतात, चर काढलेले नसतात, नळकांडी पुलाचे तोंड गाळाने बुजलेले असते. दोन पावसाळ्यांत डांबर जाते आणि खाली उरते ती धड ना खडी, धड ना माती. २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीने मराठवाड्यात किती रस्ते नेले, ते आपण पाहिले. पाण्याला वाट ठेवली नाही की ते रस्त्यातूनच वाट काढते.

गावाला डांबरी जोडरस्ता एक हवाच. पण वाड्या, आखाडे, शाळा, शेते यांना जोडणाऱ्या उरलेल्या सगळ्या वाटांवर डांबर पोचायला अजून किती पिढ्या जातील? त्या वाटांसाठी नीट बांधलेला मुरमाचा रस्ता हे उत्तर आहे. तो स्वस्त पडतो. आणि मुख्य म्हणजे तो गावाच्या हाताने राखता येतो. डांबराचा खड्डा बुजवायला ठेकेदार, मिक्सर, रोलर, बिल आणि बिलाची मंजुरी लागते. मुरमाचा खड्डा बुजवायला टिकाव, खोरे, घमेले आणि दोन दिवस लागतात. बास्क शेतकरी औसोलानला जातो तो याच कामासाठी. मात्र एक काळजी घ्यावी. श्रमदानाच्या नावाखाली गरिबांचेच फुकट राबणे होऊ नये. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर ठरावीक दिवसांची मजुरी ग्रामपंचायतीने रीतसर द्यावी, मुरमाची परवानगी एकदाच मिळावी आणि देखरेख ज्यांच्या लेकी त्या वाटेने शाळेत जातात त्यांच्याकडे असावी.

असे झाले, तर छंदाची सायकलही मागोमाग येईल आणि तिचे स्वागत करायला हरकत नाही. जिल्हा दाखवण्यासारखा आहेच. जिंतूरहून निघावे, तीन किलोमीटरवर नेमगिरीच्या टेकड्यांतली जैन गुंफामंदिरे पाहावीत आणि डोंगरातून येलदरीकडे जावे. पूर्णेवरच्या या धरणाच्या जलाशयावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. दुसऱ्या दिवशी चारठाण्याला जावे. जुन्या मंदिरांचे आणि तिथल्या उंच दगडी स्तंभाचे हे गाव अजून गर्दीपासून दूर आहे. दक्षिणेला जनाबाईच्या गंगाखेडातून निघून राणी सावरगाव, पिंपळदरीच्या बाजूला बालाघाट चढू लागावा, तो दसऱ्याच्या सुमारास, टेकड्यांवर सीताफळे पिकत असताना. किंवा फाल्गुनात, पळस फुललेला असताना. परतताना गोदाकाठी धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर पाहावे. चैत्र-वैशाखात मात्र या वाटांना जाऊ नये. पाणी बरोबर ठेवावे, जादा ट्यूब ठेवावी, बाभळीशी वैर घेऊ नये. वाटेत कोणी ताक विचारले तर नको म्हणू नये, आणि कोणाच्या घराचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये.

यातून फार पैसा येईल, असे स्वप्न मी कोणाला दाखवणार नाही. चार चहाच्या टपऱ्या, एखाद्या घरी मुक्काम, पंक्चरचे एक दुकान. पण पंक्चरचे ते दुकान शाळेच्या मुलींनाही उपयोगी पडेल, हे विसरू नये. आलेल्या पाहुण्यामुळे गावाला आपल्या वाटेची किंमत कळली, तर टस्कनीतल्या फेरीने जे साधले ते थोडेफार इथेही साधेल.

रस्ता चांगला की वाईट, हे ठरवायला आपल्याकडे मोजमाप पुस्तके आहेत, अभियंते आहेत, लेखापरीक्षण आहे. त्यांत एक सोपी परीक्षा जोडावी, असे मला वाटते. १५ ऑगस्टला गावोगाव झेंडावंदन होते आणि ग्रामसभाही भरते. पाऊस तेव्हा भरात असतो. त्या दिवशी सरपंचांनी शाळेतल्या आठवी-नववीच्या मुलींना समोर बोलवावे आणि सगळ्यांदेखत एवढेच विचारावे : आज कोण कोण सायकलीवर आले? जितके हात वर येतील, तितकाच त्या गावाला रस्ता आहे असे इतिवृत्तात लिहावे. आणि ज्या मुलींचे हात खाली राहतील, त्यांच्या वस्तीचे नाव त्याखाली लिहून तिथल्या चराचे आणि मुरमाचे काम त्याच सभेत मंजूर करावे.